सर्व्हर बंद होता ती बेचाळीस मिनिटं

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता हालगे कॉम्प्युटरच्या खोलीत आली, चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीत बसली आणि सर्व्हरकडं तोडणीची यादी मागितली. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं. तिनं नाव पुन्हा टाइप केलं. नाही. मग तिनं अख्खा कप्पा उघडून पाहिला. कप्पा घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा रिकामा होता.

ती यादी म्हणजे सोमलिंग सहकारी साखर कारखान्याच्या चार हजार फडांची पाळी. कुणाचा ऊस कधी लागला आणि म्हणून कुणाचा आधी तुटणार, एवढंच तिच्यात होतं. पण एवढंच ह्या कारखान्यानं इतक्या वर्षांत कधी लिहून ठेवलं नव्हतं. आजवर ऊस तुटायचा तो मर्जीनं. संचालकांच्या सोयऱ्यांचा आधी, बाकीच्यांचा वाळून काडी झाल्यावर. नवे एमडी आले, त्यांनी पुण्याहून सर्व्हर आणवला, पाच खात्यांत पाच पडदे जोडले आणि जाहीर केलं, यंदा पाळी लागणीच्या तारखेनं. मग शेतकी खात्याची माणसं सतरा दिवस बांधाबांधानं हिंडली. चारशे बारा फडांच्या तारखा खोट्या निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. दुरुस्त यादी कोजागरीला, बॉयलर पेटवायच्या दिवशी, फळ्यावर लागणार होती.

कोजागरीला चार दिवस होते.

दुपारपर्यंत कारखानाभर झालं, पोरीनं यादी घालवली. शेतकी अधिकारी बद्रीनाथराव तर तोंड भरून सांगत होते, यंत्र पोरीसोरींच्या हातात दिलं की असंच होणार. एमडींनी प्रणिताला बोलावून शांतपणे सांगितलं, की सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दोघांनाच माहीत आहे, तिला आणि चेअरमनच्या पुतण्याला, विश्वेश्वरला. तिसरी प्रत एमडींच्याच तिजोरीत लाखेच्या शिक्क्यात आहे आणि शिक्का शाबूत आहे. त्रयोदशीला संचालकांची बैठक आहे. तोवर उलगडा झाला नाही, तर खोली विश्वेश्वरच्या ताब्यात जाईल.

प्रणिता उठून खोलीत परत गेली. परळीच्या विरुपाक्ष हालगे किराणावाल्याची ही थोरली मुलगी. पुण्याचा इंजिनिअर आठ दिवस शिकवून गेला, जाताना सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. ते पुस्तक तिनं डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेका ओळीनं फोडलं होतं. ही खोली गेली, की वडील दुसऱ्याच दिवशी पाहुणे बोलावणार, हे तिला ठाऊक होतं. वर्षभर ते याच नोकरीपायी गप्प बसले होते.

२

एमडींनी पोलिस बोलावले नाहीत. सिरसाळ्याला माणूस धाडून धुळाजी कोळपेंना बोलावलं.

धुळाजी शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, उसाचं खरं वय काढणं. शेतकरी सांगणार आषाढात लावला, पुढारी सांगणार ज्येष्ठात. धुळाजी दोघांचंही ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि फडात शिरून कांड्या मोजायचे. माणूस सांगतो ते त्याच्या सोयीचं, ऊस सांगतो ते झालेलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. सर्व्हर त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता.

खोलीच्या दाराशी तुळजाबाई चटई टाकून बसली होती. आत कुणी चपला घालून जाऊ नये, पाणी नेऊ नये, हे बघायचं तिच्याकडं. वीस गळीत हंगाम तिनं ऊस तोडला होता. उजव्या हाताचं मधलं बोट कोयत्यानं अर्धं नेलं, तेव्हा मुकादमानं हिशेबातनं नाव कमी केलं आणि ती इथं झाडायला लागली. धुळाजींनी रामराम घातला, तिनं त्यांच्या चपला नीट जोडून ठेवल्या.

आत प्रणितानं त्यांना सर्व्हरची पेटी दाखवली, पडदा दाखवला.

"ह्याच्या कांड्या कुठं आस्त्यात, पोरी?" धुळाजींनी विचारलं.

प्रणिता पहिल्यांदा हसली. सर्व्हर स्वतःची डायरी लिहीत असतो, तिनं सांगितलं. कोण आत आलं, कधी आलं, कधी गेलं. तिनं ती पडद्यावर काढली आणि मराठीत सांगत गेली.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्य पासवर्ड टाकून कुणीतरी आत आलं. ह्याच खोलीतून, ह्याच कीबोर्डवरून. आल्या आल्या सर्व्हर बंद केला. बटन दाबून नव्हे, रीतसर हुकूम देऊन. अकरा बावन्नला तो पुन्हा चालू झाला. बाकी काही नाही.

धुळाजींनी बोटांवर मोजलं. बेचाळीस मिनिटं.

"फाइल पुसायला बंद करावं लागतं का?"

"न्हाई मामा. चालू आसताना एका ओळीत पुसता येती. बंद करायचं कामच न्हाई."

"मग चोर घरात शिरला," धुळाजी हळूच म्हणाले, "अन् दिवा मालवून बेचाळीस मिनिटं बसला. कावून?"

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला त्यांना जड जात होतं. त्या वेळी ती कुठं होती. सगळ्यांसारखीच ऊस गाळायच्या गिरणीत, पूजेला, प्रणिता म्हणाली. पण त्या आधी दहाला ती खोलीत येऊन गेली होती, सर्व्हरची रोजची नक्कल उतरते ती टेप बदलायला. आणि गिरणीतल्या गर्दीत ती दिसली असं सांगणारा एकही माणूस तिला आठवत नव्हता.

३

बद्रीनाथरावांनी धुळाजींना चहा पाजला आणि सल्लाही दिला, की म्हातारपणी ह्या भानगडीत पडू नये. यादी गेली ह्याचं त्यांना दुःख दिसत नव्हतं. जुन्या पद्धतीनं पाळी ते लावायचे, गेल्या वर्षीपर्यंत त्यांच्या ओसरीवर माणसं सकाळपासून बसून असायची. धुळाजींनी विचारलं, शेतकऱ्यांनी सांगितलेल्या तारखा तर त्यांच्या अर्जांवर आहेत, दुरुस्त्यांचेही कागद असतील. बद्रीनाथराव म्हणाले, रद्दीत गेले. सतरा दिवसांच्या मेहनतीचे कागद पंधरा दिवसांत रद्दीत. धुळाजींनी मान डोलवली. हा माणूस खोटं बोलतोय, हे कळायला कांड्या मोजायची गरज नव्हती. पण ह्याला पासवर्ड माहीत नव्हता.

विश्वेश्वर वर्कशॉपपाशी मोटारसायकल पुसत भेटला. हँडलला नवमीचा झेंडू अजून लटकत होता. चुलत्याच्या शब्दावर नोकरीला लागलेला, गोरागोमटा, कामाचा कंटाळा असलेला. आधी त्यानं धुळाजींना उडवून लावलं. मग धुळाजी नुसतेच बघत राहिले तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"मामा, खरं सांगू का? माझंबी गेलं."

काय गेलं, तर लग्नाचा बायोडाटा. ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून छापायला म्हणून त्यानं टाइप करून ठेवला होता, यादी होती त्याच कप्प्यात. उंची, गोत्र, अपेक्षा, सगळं गेलं. प्रणिताला सांगायची लाज वाटली म्हणून बोलला नाही.

धुळाजी त्याला खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, हे यंत्र बंद करून दाखव. विश्वेश्वरनं खुशाल हात मागं नेला आणि बटनच चाचपायला लागला. त्यानं ते दाबायच्या आत प्रणितानं त्याचा हात धरला. रीतसर हुकूम कसा द्यायचा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. वर्षभरात कधी गरजच पडली नव्हती. बंद करायची वेळ आली की प्रणिताच करायची.

धुळाजी ओट्यावर जाऊन बसले. चोर यादीवर आला नव्हता, त्याला बायोडाट्याशीही देणंघेणं नव्हतं. आणि पासवर्ड माहीत असून रीतसर बंद करता येणारं माणूस कारखान्यात एकच होतं. ती आत बसून डिक्शनरी चाळत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजी काही न बोलता कारखाना हिंडले. नवमीच्या पूजेची खूण सगळीकडं होती. वजनकाट्याला कुंकू, टाइपरायटरला कुंकू, टाइम ऑफिसच्या घड्याळाला कुंकू, कँटीनच्या स्टोव्हलासुद्धा. खंडेनवमीला ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं, की अख्ख्या कारखान्यात कुंकू नसलेलं यंत्र एकच आहे.

प्रणिता म्हणाली, तिनंच मनाई केली होती. आत पावडर नको, पाणी नको, उदबत्ती नको. दारावर पाटीच होती.

एमडींच्या हुकमावरून एकादशीपासून पेटीला कुणी फडकं लावलं नव्हतं. खिडकीतून परळीच्या थर्मलची धुराडी दिसत होती. तिथली वीज लांब लांब जायची, आणि ह्या खोलीतली दिवसातून चारदा जायची. राख मात्र न चुकता यायची. त्या राखेचा पातळ थर पेटीवर बसला होता. धुळाजींनी पेटीच्या अंगाला डोळा लावून तिरपं बघितलं, उसाच्या पानावरची लव बघतात तसं.

बदामी पत्र्यावर एका जागी राख जास्त धरली होती. तिथं कुणीतरी तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली होती आणि कोरड्या फडक्यानं पुसली होती. कुंकू गेलं, तेल राहिलं, तेलाला राख चिकटली. वरून खाली ओढलेल्या रेघा. ऊसतोडीची माणसं कोयत्याला तेल लावून अशीच पाच बोटं ओढतात.

इथं चार होत्या. मधल्या रेघेची जागा मोकळी होती.

धुळाजी ताठ झाले. दाराकडं बघितलं. चटईवर बसून तुळजाबाई कुणाच्या तरी चपला जोडत होती.

५

तिनं काही लपवलं नाही. लपवायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. दोन दिवस एमडी, संचालक, अधिकारी, ज्यांना ज्यांना लिहितावाचता येतं त्या सगळ्यांना विचारून झालं होतं. झाडणारणीला कोण विचारतं?

"मीच केली की पूजा," ती म्हणाली. "सगळ्यांची झाली, आपलंच तेवढं बोडकं राह्यलं. ताई रागं भरतील म्हून पुसून घेतलं मागनं."

"पण बंद कावून केलं?"

तुळजाबाईनं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "आण्णा, तुमी ऊसवाले ना? कोयता काय ऊस तोडता तोडता पुजत्यात व्हय? त्याला इसावा द्यावा लागतो. हे बिचारं चार महिने झाले, डोळा मिटला न्हाई. रातध्याड घूं घूं करतंय." गिरणीतली आरती होईस्तोवर तिनं त्याला निजू दिलं होतं. नारळ फुटल्याचा आवाज आला, तेव्हा उठवलं.

प्रणिता दारात येऊन उभी राहिली होती. मावशीला पासवर्ड कुणी दिला, तिनं विचारलं.

तुळजाबाईनं हात हवेत धरला आणि बोटं चालवली. आठ ठोके, थांबणं, पुन्हा काही ठोके. प्रणिताला ते बघताच कळलं. थंडीच्या दिवसांत, जनरेटरची लाइन यायच्या आधी, वीज गेली की बॅटरी पंधरा मिनिटं टिकायची, आणि तेवढ्यात ती दिवसातून चारचारदा सर्व्हर रीतसर बंद करायची, घाबरून, स्वतःशी पुटपुटत. दाराशी ही बाई बसलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं, जागा येत होत्या. भाकरी थापणाऱ्या हाताकडं बघून पोरी शिकतात, तशी ती शिकली होती.

"झोपून उठल्यावर हे इसरतं का, पोरी?" धुळाजींनी विचारलं.

"न्हाई मामा. रीतसर बंद केलं तर कायबी जात न्हाई." म्हणता म्हणता प्रणिता थांबली. मग आत गेली आणि पुस्तक काढलं. चालू होण्याचं प्रकरण तिनं कधी वाचलंच नव्हतं. ते सगळं लावून दिलंय, त्याला हात लावू नका, असं इंजिनिअर सांगून गेला होता. अर्धा तास ती शब्द शोधत होती. मग तिनं बोट ओळीवर ठेवलं आणि मोठ्यानं मराठीत वाचलं. सर्व्हर दर वेळी चालू होताना एक कप्पा आपणहून रिकामा करतो. तो कप्पा कामचलाऊ वस्तूंसाठी असतो.

आषाढात बाकीची जागा भरत आली, तेव्हा तिनं यादी त्या कप्प्यात ठेवली होती. तिथं जागा मोप होती. रोजच्या टेपवरही तो कप्पा उतरत नव्हता. जनरेटरची लाइन आल्यापासून एकशे अठरा दिवस सर्व्हर बंदच झाला नाही, म्हणून काही गेलं नाही.

चोर नव्हताच. तुळजाबाईला एवढं कळलं, की आपल्या हातून काहीतरी मोडलंय. तिनं पदर तोंडाला लावला.

धुळाजींनी प्रणिताला बाहेर नेलं. उद्या बैठक आहे, ते म्हणाले. झाडणारणीनं यंत्राला हात लावला एवढंच सांगितलं, तर तुझं सगळं निभावतंय. तिच्यामागं कुणी संचालक न्हाई, रोजंदारीवर हाय, एका ओळीत जाईल. तू सांगशील ते मी सांगतो.

प्रणिता खाली बघत होती. "उद्या सांगते," एवढंच म्हणाली.

६

बैठकीला अकरा संचालक, एमडी, बद्रीनाथराव, विश्वेश्वर. प्रणिता उभी राहिली आणि कागद न बघता बोलली. सर्व्हर बंद होणं हा गुन्हा नाही, ती म्हणाली. तो कधीतरी बंद होणारच होता. यादी नको त्या जागी ठेवली ती मी, पुस्तकाचं एक प्रकरण न वाचता. चूक माझी आहे.

"ते ठीक हाय," बद्रीनाथराव म्हणाले. "पण बंद केलं कुणी? नाव सांगा."

प्रणिता गप्प. एमडींनी पुन्हा विचारलं. गप्प. चेअरमन मागं रेलले. धुळाजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आत आलेली तुळजाबाई दाराशीच म्हणाली, "म्या केलं."

संचालक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, पोरीला वाचवायला म्हातारी पढवून आणलीय. अंगठा उठवणारी बाई म्हणे कॉम्प्युटर बंद करती. तुळजाबाईनं ट्रे टेबलावर ठेवला. कपात चहा हिंदकळला नाही.

सगळे उठून खोलीत गेले. दाराशी तिनं अकरा संचालकांना चपला काढायला लावल्या. मग हात पदराला पुसले, खुर्चीत न बसता उभ्यानंच कीबोर्डवर साडेचार बोटांचा तो हात ठेवला, दुसरा हात पाठीमागं. पडद्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. ठोके पडले, थांबले, पुन्हा पडले. पडद्यावर ओळी सरकल्या. पेटीचा घूं घूं आवाज उतरत उतरत बंद झाला.

कुणी हसलं नाही. विश्वेश्वर पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता.

एमडी बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिले. मग कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, दुरुस्त्यांचे कागद कुठं आहेत. रद्दीत, बद्रीनाथराव म्हणाले. तेव्हा धुळाजींनी व्हरांड्यात बसवलेल्या माणसांना आत बोलावलं. शेतकीचे नऊ स्लिप बॉय. नावाला बॉय, वयानं पन्नाशीचे, बांधावरची नोंद करणारे. प्रत्येकाच्या खिशात घामानं फुगलेली डायरी होती. वरिष्ठांनी उद्या शब्द फिरवला तर गळ्याशी येतं, म्हणून ही माणसं स्वतःची नोंद कधी फेकत नाहीत. धुळाजींनी तीस वर्षं त्यांच्यातच काढली होती. त्यातल्या बिभीषणनं डायरी उघडली आणि बद्रीनाथरावांच्या मेहुण्याचा फड पहिल्यांदा वाचून दाखवला. सांगितलेली तारीख ज्येष्ठातली, खरी भाद्रपदातली.

एमडी प्रणिताकडं वळले. यादी कोजागरीला फळ्यावर लागली, तर खोली तुमची.

दोन दिवस नऊजण डायऱ्या वाचत राहिले, प्रणिता टाइप करत राहिली. कोजागरीला सकाळी दहाला यादी लागली. तिकडं बॉयलर पेटला, इकडं माणसं फळ्यावर बोट फिरवत आपलं नाव शोधत होती, आणि सापडलं की शेजाऱ्याला दाखवत होती.

धुळाजी निघताना निरोप घ्यायला खोलीत आले. प्रणिता पासवर्ड बदलायला बसली होती. जुना अकरा संचालकांसमोर वापरून झाला होता. नवा दोघांना माहीत पाहिजे, असा नियम होता. दुसरं माणूस कोण, ते तुम्ही ठरवा, असं एमडी म्हणाले होते.

तुळजाबाईला काहीतरी उमगलं असावं. ती चटईवरून उठली, खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि आपणहून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, हात पदराखाली.

"मावशी," प्रणिता म्हणाली, "तिकडं काय हाय? या इकडं. बसा."

तुळजाबाई आली. खुर्चीत पहिल्यांदा बसली, अगदी कडेला. प्रणितानं एकेक बटन दाबायला सुरुवात केली, सावकाश, प्रत्येक ठोक्यानंतर थांबत.

धुळाजींनी मान वळवली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.